नमुना डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवू नका
अन्नाचा नमुना सूक्ष्मजीव तपासणीसाठी पातळ करायला निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटर सर्वांत उत्तम, कारण त्यात काहीच नसतं, असा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. काहीच नसणं हीच तर अडचण! क्षार नसलेलं पाणी परासरणाने, म्हणजे कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे जात, पेशीत घुसतं. उष्णतेने किंवा गोठण्याने आधीच जखमी झालेले जिवाणू त्यात दगावतात आणि प्लेटवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या बशीत, वसाहती (वाढलेल्या जिवाणूंचे ठिपके) कमी दिसतात. अहवाल छान, माल मात्र तसाच दूषित.

म्हणून 10 ग्रॅम नमुना 90 मिलि द्रावणात कालवतात, त्यात 0.1 टक्के पेप्टोन (अर्धवट पचवलेली प्रथिनं), 0.85 टक्के मीठ. मग 45 मिनिटांत प्लेटिंग (द्रावण प्लेटवर घालणं) उरकायचं, नाहीतर जिवाणूंची संख्या बदलू लागते. साल्मोनेला हे विषबाधा करणारे जिवाणू शोधताना तर 25 ग्रॅम नमुना 225 मिलि बफर्ड (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या) पेप्टोन वॉटरमध्ये सुमारे 18 तास उबवतात, जखमी पेशी सावराव्यात म्हणून.