लाल्या : पंचनाम्यात न बसलेली, मातीच्या पत्रिकेतही न आलेली विकृती

दिवाळीच्या आगेमागे पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, लाल पडते. बहुधा आधी खालच्या जुन्या पानांच्या कडा, मग शिरांमधला भाग, शेवटी सगळं पान. शिरा तेवढ्या काही दिवस हिरव्या राहतात. पात्या-फुलं गळतात, बोंडं लहान राहतात, वेचणी एक-दोनवरच थांबते आणि उलंगवाडी, म्हणजे हंगामाची अखेर, लवकर होते. वऱ्हाडात याला लाल्या म्हणतात आणि त्याच्यामागे ‘रोग’ हा शब्द आपोआप लागतो. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात मात्र लाल्या रोगात बसत नाही, कारण त्याच्या मुळाशी बुरशी, जिवाणू, विषाणू यांपैकी काहीच नाही. ती झाडाच्या पोषणातली आणि शरीरक्रियेतली बिघाडी आहे. पुस्तकी शब्द ‘विकृती’. रोग की विकृती, हा वाद शब्दांचा वाटतो. पण फवारणी कशाची करायची, भरपाई मिळते का आणि माती तपासताना काय मोजायचं, हे सगळं त्याच्याशी बांधलेलं आहे.

विदर्भातल्या पीकरोग संशोधनाची सुरुवात रोगापासूनच झाली. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं, अमेरिकेतल्या यादवीच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ दरम्यान, इथल्या कापसाला मागणी आली, आणि मग या पिकाला काय मारतं हा प्रश्न सरकारी झाला. देशी कपाशीवरचा मर, म्हणजे झाड सुकवून टाकणारा रोग, हा पहिला मोठा शत्रू. त्याची बुरशी जमिनीतच वर्षानुवर्षं टिकते. वरून काही मारून ती जात नाही. उपाय एकच होता : मर लागलेल्या रानातच रोपं वाढवायची आणि जी तगतील त्यांचं बी धरायचं. त्यातून प्रतिकारक वाण निघाले. पुढे अमेरिकन जातीची कपाशी पसरली. आपल्याकडची मर-बुरशी तिला फारशी बाधत नाही, म्हणून तो प्रश्न मागे पडला. हे काम खरोखर मोठं होतं. पण त्याने एक सवयही लावली : आधी जंतू शोधायचा, मग वाण किंवा औषध. जिथे जंतूच नाही तिथे ही सवय अडखळते. ‘आकस्मिक मर’ हे त्याचं ठळक उदाहरण. पावसाच्या मोठ्या खंडानंतर जोराचा पाऊस आला, मुळांशी पाणी साचलं, की भरलेलं झाड एक-दोन दिवसांत मान टाकतं. नावात मर असला तरी जुन्या मराशी त्याचं नातं नाही. तरीही गावात दोन्हींवर तेच बुरशीनाशक ओतलं जातं.

१९६९ मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ आलं. सत्तरच्या दशकात नागपुरात केंद्राच्या दोन संस्था उभ्या राहिल्या, एक कापसासाठी आणि एक माती-सर्वेक्षणासाठी. कापूस एकीकडे, माती दुसरीकडे, असं हे वाटप कागदावर सोयीचं होतं. लाल्या नेमका दोहोंच्या मधल्या धुऱ्यावर पडतो.

चित्र खऱ्या अर्थाने बदललं ते २००२ नंतर. त्या वर्षी मार्चमध्ये बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कपाशीला, परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांची बीटी आली, आणि दहा वर्षांच्या आत विदर्भातली जवळपास सगळी कपाशी बीटी संकरित झाली. लाल्या त्याआधीही होता, बीटीने तो जन्माला घातला असं म्हणणं चूक आहे. पण सुरुवातीची बोंडं अळीपासून वाचू लागली, ती सगळी एकदम भरू लागली, आणि झाडाला नत्र-मॅग्नेशियमची गरज एकाच पंधरवड्यात भासू लागली. बोंड पोसायला झाड जुन्या पानांतून मॅग्नेशियम ओढून घेतं. मॅग्नेशियम हा हरितद्रव्याच्या रेणूचा गाभा. तो गेला की हिरवा रंग मोडतो आणि पानात लाल रंगद्रव्य तयार होऊन दिसू लागतं. त्याच सुमारास रात्री गार होतात, त्या गारव्यात ते लाल रंगद्रव्य आणखी साठतं. बरड, मुरमाड रानात मुळं खोल जाऊ शकत नाहीत, तिथे हे आधी दिसतं. भारी काळ्या रानात पाणी तुंबलं तर मुळं श्वास कोंडून बसतात आणि जमिनीत असलेलंही उचलत नाहीत. तुडतुड्यांनी रस शोषल्यावरही पानांच्या कडा लालसर होतात, हा आणखी एक घोटाळा. तिथे कीडनाशक लागतं, इथे नाही, आणि बांधावरून पाहिलं तर दोन्ही सारखंच दिसतं.

म्हणजे लाल्या हे एका कारणाचं नाव नाही, अनेक वाटांनी आलेल्या एका रंगाचं नाव आहे. शिफारस काही गुंतागुंतीची नाही : जमिनीतून हेक्टरी २० ते २५ किलो मॅग्नेशियम सल्फेट, बोंडं भरताना त्याचीच हलकी फवारणी, सोबत दोन टक्के युरिया किंवा डीएपी खत, आणि साचलेल्या पाण्याला वाट. पण ‘रोग आला’ म्हणून कृषी केंद्रात गेलेल्या माणसाच्या हातात रोगाचंच औषध पडतं. दुकानदाराला दोष देऊन भागत नाही. प्रश्नच तसा विचारला गेलेला असतो. बुरशीनाशक, कीटकनाशक, वर एखादं टॉनिक, सगळं एकाच पंपात. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्या फवारण्या लाल्यासाठी होत्या असं नाही. पण लक्षण दिसलं की पंप पाठीवर घ्यायचा, ही रीत किती खोल गेली होती ते त्या हंगामाने दाखवलं.

त्याच वर्षी गुलाबी बोंडअळी आली. डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात कोरडवाहू कपाशीला हेक्टरी ३०,८०० आणि बागायतीला ३७,५०० रुपयांची मदत जाहीर झाली. तिचा एक वाटा बियाणे कंपन्यांकडून, एक विम्यातून, एक आपत्तीनिधीतून यायचा होता. तो सगळा पैसा कसा आणि किती पोचला हा वेगळा विषय. इथला मुद्दा एवढाच की अळी दाखवता येते. बोंड फोडलं की ती समोर असते. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक तिघे मिळून पंचनामा करतात तेव्हा त्यांना ‘कशाने’ या रकान्यात काही लिहावं लागतं. लाल पानाखाली काय लिहायचं? २०१६ पासूनच्या पीकविम्याच्या भाषेत ‘टाळता न येणाऱ्या’ जोखमी आहेत, त्यात दुष्काळ, पूर, कीड, रोग आहेत. विकृती हा शब्द त्यात नाही. शास्त्राच्या दृष्टीने बरोबर असलेला शब्द वापरला की शेतकऱ्याची बाजू कागदावर कमजोर होते, आणि ‘रोग’ म्हटलं की फवारणी चुकते. लाल्याला रोग म्हणावं असा आग्रह शेतकऱ्यांकडून होतो, त्यामागचं कारण हे आहे. त्याला अज्ञान म्हणणं अन्यायाचं आहे.

आता मातीकडे. १९ फेब्रुवारी २०१५ ला देशभर मृद आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. पत्रिकेवर बारा गोष्टी येतात : सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज), बोरॉन. यादी परत वाचली तरी मॅग्नेशियम सापडत नाही. दुय्यम अन्नद्रव्यं तीन, त्यातलं गंधक घेतलं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडलं. देशभरासाठी एकच साचा ठरवताना कुठेतरी हात आखडता घ्यावा लागतो हे खरं. पण ज्या मुलखात दर हिवाळ्यात कपाशी लाल पडते तिथे हा निर्णय चुकला, असं स्पष्ट म्हणायला हवं. अनुदानाचंही तसंच. एप्रिल २०१० पासून खतांचं अनुदान अन्नद्रव्यांवर ठरू लागलं, त्यात नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आले. युरिया बाहेर ठेवला, म्हणून तो स्वस्त राहिला. मॅग्नेशियम सल्फेट शेतकऱ्याने पूर्ण किमतीला घ्यायचं, आणि तेही पत्रिकेत त्याचा उल्लेख नसताना.

योजनेच्या सुरुवातीची नमुन्याची पद्धतही इथे अडचणीची होती. कोरडवाहू भागात दहा हेक्टरांच्या चौकटीला एक नमुना, बागायतीत अडीच हेक्टरांना. विदर्भातली बहुतांश कपाशी कोरडवाहू. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. तेवढ्यात टेकडीकडचं बरड, मधलं मध्यम आणि नाल्याकाठचं भारी, तिन्ही येऊ शकतं. बरडावर लाल्याने पऱ्हाटी वाळत असताना शेतकऱ्याच्या हातातली पत्रिका कदाचित नाल्याकाठच्या मातीची असायची. २०१९-२० मध्ये तालुक्यात एक गाव निवडून प्रत्येक खातेदाराच्या रानातला नमुना घ्यायचा प्रयोग झाला, तो योग्य दिशेचा होता.

मॅग्नेशियम टाकलं की काम झालं, असंही नाही. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या पाण्याचा पट्टा, पाहा. तिथल्या मातीच्या खालच्या थरांत मॅग्नेशियम भरपूर सापडतं. दुखणं आहे ते पाणी न झिरपण्याचं आणि सोडियमचं. उलट हलक्या जमिनीत सेंद्रिय कर्ब उरलेला नाही. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडब्यामागे जनावरं गेली, जनावरांमागे शेणखत. ज्वारीच्या जागी नव्वदच्या दशकापासून सोयाबीन आलं.

आणि त्या सोयाबीनवर २०२३ मध्ये हाच घोळ नव्याने झाला. त्या ऑगस्टात पावसाने जवळजवळ महिनाभर दडी मारली. देशासाठी तो १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. पुन्हा पाऊस आल्यावर यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडची रानं पिवळी पडली. काही ठिकाणी पांढऱ्या माशीने पसरवलेला पिवळा मोझॅक होता, त्यात पानावर हिरवे-पिवळे चट्टे. काही ठिकाणी मुळं-खोडं कुजली होती. आणि चुनखडीच्या रानांत दर पावसाळ्यात शेंड्याची कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी होतात ती लोहाअभावी, तीही त्यातच मिसळली. गावोगावी तिघांचं नाव एकच झालं : मोझॅक. लोह पत्रिकेवर आहे. ते पिकाला मिळू न देणारी चुनखडी किती, हे त्या बारा रकान्यांत मोजलं जात नाही.