एबीसी आयडी काढण्याआधी आधार आणि दहावीची गुणपत्रिका शेजारी ठेवून बघा

उन्हाळी परीक्षेचे अर्ज सुरू झाले की आमच्या तालुक्याच्या कॉलेजात संगणक खोलीपुढे रांग लागते. अर्जात १२ अंकी एबीसी आयडीचा रकाना असतो. तो भरायचा म्हणून पोरं घाईघाईत ज्याच्या हाती मोबाईल सापडेल त्याच्यावर खातं उघडतात आणि पुढची तीन वर्षं ते निस्तरत बसतात. कॉलेजात हे काम माझ्याकडे आहे. गडचिरोली असो, यवतमाळ असो की बुलढाणा, अडचणी बहुतेक सारख्याच असतात, म्हणून सगळं एका जागी लिहितो.

एबीसी म्हणजे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातली ही योजना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमांनी जुलै २०२१ मध्ये सुरू झाली. बँकेत पैसे जमतात, तसे इथे तुमच्या उत्तीर्ण विषयांचे क्रेडिट, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरलेले श्रेयांक, जमतात. महाराष्ट्रात संलग्न महाविद्यालयांना नवं धोरण २०२४-२५ पासून लागू झालं, तेव्हापासून हा आयडी प्रत्येकाच्या वाट्याला आला. ‘अपार’ नावाचा जो आयडी शाळेत काढतात, तोही हाच १२ अंकी क्रमांक. शाळेत अपार निघाला असेल तर दुसरा काढू नका, डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रं मोबाईलवर ठेवायचं सरकारी अ‍ॅप, उघडून तोच घ्या.

पात्रतेची अट सोपी आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठात किंवा महाविद्यालयात प्रवेश घेतलेला कोणताही विद्यार्थी खातं उघडू शकतो. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जातीचा लागत नाही, शुल्क एक रुपयाही नाही. बाहेर कुणी या आयडीचे पैसे मागत असेल तर देऊ नका, सरळ कॉलेजात या. संस्थांची गोष्ट मात्र वेगळी होती. सुरुवातीच्या नियमात नॅकचा (कॉलेजांचा दर्जा ठरवणारी संस्था) ‘अ’ दर्जा किंवा तसंच मोठं मानांकन असलेल्या संस्थांनाच या योजनेत जागा होती. म्हणजे क्रेडिट साठवण्याची ज्यांना सर्वांत जास्त गरज, तीच ग्रामीण कॉलेजं बाहेर राहिली. पुढे ती अट काढली, हे फार बरं झालं.

लागणारी कागदपत्रं अशी: आधार कार्ड, आधारला जोडलेला चालू मोबाईल, दहावीची गुणपत्रिका आणि कॉलेजचा प्रवेश किंवा नोंदणी क्रमांक. यादी छोटी आहे, पण आमच्याकडचे बहुतेक अर्ज पहिल्या दोन गोष्टींवरच अडतात.

आधी मोबाईल. मागच्या हंगामात बीए पहिल्या वर्षाची एक मुलगी आली. ओटीपी काही येईना. विचारलं तर म्हणाली, “सर, आधारले नंबर भावाचा हाये, अन् तो तेलंगणात मिरची तोडाले गेला.” दिवसभर त्याचा फोन लागला नाही. संध्याकाळी लागला, त्यानं ओटीपी वाचून दाखवला, तोवर त्याची मुदत टळली होती. पुन्हा मागवला, तोवर रेंज गेली. तिची गावाकडची शेवटची एसटी सुटायला आली होती, म्हणून ती तशीच निघाली. दुसऱ्या दिवशी तिला आधार केंद्रावर पाठवलं. तिथं मोबाईल नंबर बदलायला कोणताही कागद लागत नाही; आधार क्रमांक, बोटाचा ठसा आणि ठरलेलं शुल्क एवढ्यावर काम होतं. फक्त बाजाराच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी केंद्रावर उभं राहायला जागा नसते. आणि नंबर स्वतःचा द्या. रिचार्ज संपून बंद पडणारं भावाचं किंवा काकाचं सिम नको.

आता नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव. आधारवर स्वतःचं नाव आधी, कधी वडिलांचं नावच गायब, कधी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर जास्त. डिजिलॉकर आधारवरून नाव उचलतो, विद्यापीठ दहावीवरून. दोन्ही जुळली नाहीत की निकाल तुमचा असूनही क्रेडिट खात्यात दिसत नाहीत. शब्दांचा क्रम मागेपुढे असेल तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून बहुतेक वेळा मार्ग निघतो. अक्षरच वेगळं असेल तर आधार दुरुस्त करणं हाच उपाय. त्यासाठी मतदार ओळखपत्र, पॅन किंवा वाहन परवाना यांसारखं आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या यादीतलं कागदपत्र लागतं आणि त्यावरचं नाव बरोबर असावं लागतं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून केंद्रावर पावती हाती आली की प्रत्येक अक्षर वाचून मगच तिथून हला.

मुलींना एक कळकळीची विनंती. शिक्षण चालू असताना लग्न झालं तर पदवी हाती पडेपर्यंत आधारवरचं नाव बदलू नका. सासरची माणसं रेशन कार्डासाठी घाई करतात, त्यांना हे समजावून सांगा.

एवढं ठीक असेल तर खातं दहा मिनिटांत निघतं. एबीसीच्या सरकारी संकेतस्थळावर ‘माय अकाउंट’मध्ये ‘स्टुडंट’ निवडा. तिथून डिजिलॉकर उघडतं. मोबाईल आणि आधार टाका, ओटीपी द्या, सहा अंकी पिन ठरवा आणि तो वहीत लिहून ठेवा. मग एबीसी किंवा अपार आयडी शोधा, प्रवेशाचं वर्ष आणि नोंदणी क्रमांक भरा, संस्था निवडा. इथं बरेच जण कॉलेजचं नाव शोधत राहतात. संलग्न कॉलेजच्या विद्यार्थ्यानं साधारणपणे विद्यापीठ निवडायचं असतं, कारण गुणपत्रिका विद्यापीठ देतं. चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना, वऱ्हाडातल्या पाच जिल्ह्यांसाठी अमरावती, विदर्भातल्या बाकीच्या जिल्ह्यांसाठी नागपूर. कार्ड तयार झालं की त्याची प्रत काढा आणि क्रमांक परीक्षा अर्जात एकेक अंक ताडून भरा.

क्रेडिट तुम्हाला स्वतः जमा करता येत नाहीत. निकालानंतर ते संस्थेनं चढवायचे असतात. खरी गाडी अडते ती इथं. एकाच विद्यापीठातल्या एका कॉलेजचं काम चोख असतं आणि शेजारच्या तालुक्यात वर्ष उलटलं तरी निम्मे आयडी चुकलेले असतात. संगणक आणि इंटरनेट हे कारण आहेच, पण माझ्या अनुभवात ते दुसऱ्या क्रमांकाचं. कॉलेजात लिपिकाची जागा रिकामी, प्राध्यापक तासिका तत्त्वावर, आणि आयडीचं काम ज्याला दिलं तो पुढच्या वर्षी असेलच याची खात्री नाही. अशा ठिकाणी कितीही चांगलं पोर्टल दिलं तरी ते उघडणारं माणूस नसतं. प्राचार्यांनी एका माणसाला नेमून आठवड्यातले दोन तास मोकळे करून दिले, तिथं काम झालेलं मी पाहिलं आहे. म्हणून निकालानंतर महिनाभरानं डिजिलॉकर उघडून बघा. क्रेडिट शून्य दिसत असतील तर आधी कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या माणसाकडे, लेखी अर्ज द्या, सोबत गुणपत्रिका आणि आयडी कार्डाची प्रत जोडा, आवक क्रमांक घ्या. पंधरवड्यात हालचाल झाली नाही तर तोच अर्ज विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे द्या.

“पदवी तर मिळणारच आहे, मग एवढी धावपळ कशाला?” असं पालक विचारतात. जे तीन वर्षं सलग शिकतात त्यांचं कदाचित अडणार नाही. पण आपल्याकडे नापिकीच्या वर्षी, घरच्या आजारपणात किंवा लग्नामुळे शिक्षण मध्येच सुटतं. पूर्वी पहिलं वर्ष पास होऊन सोडलेल्याच्या हाती गुणपत्रिकेशिवाय काही उरत नसे. आता पहिल्या वर्षाचे किमान ४० क्रेडिट आणि त्यावर कौशल्य अभ्यासक्रमाचे किंवा इंटर्नशिपचे ४ क्रेडिट पूर्ण केले तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, दोन वर्षांनी पदविका घेऊन. तीन वर्षांच्या आत परत येता येतं. जमा क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं ग्राह्य राहतात.

म्हणून शिक्षण सोडण्याची वेळ आलीच, तर टीसी घेण्याच्या दिवशी खात्यात क्रेडिट दिसतात का, हे कॉलेजच्या संगणकावर उघडून बघा. दिसत नसतील तर लेखी अर्ज देऊन, त्याची पोच घेऊनच गावी जा.