स्वालबार्डचा १२० वर्षांचा तापमान आलेख : तो कसा जोडला गेला

नॉर्वेच्या उत्तर टोकावरून ध्रुवाकडे निघाले की साधारण अर्ध्या वाटेवर स्वालबार्ड हा द्वीपसमूह लागतो. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या इसफ्योर्ड या खाडीत, ७८ अंश उत्तर अक्षांशावर, लाँगइयरब्येन नावाचे गाव आहे. १८९८ ते २०१८ या काळात इथले वार्षिक सरासरी तापमान दर दशकाला ०.३२ अंश सेल्सिअसने वाढले, म्हणजे एकूण सुमारे ३.८ अंश. १९९१ नंतरचा वेग तर दशकाला १.७ अंश आहे, जगाच्या सरासरीच्या जवळजवळ सातपट. आर्क्टिकमध्ये एवढ्या उत्तरेला इतकी लांब नोंदमाला फारच क्वचित सापडते. तिच्यावर विश्वास का ठेवायचा, हे कळायला ती कशी तयार झाली ते बघावे लागते.

१८९८ साली स्वालबार्डवर कायमचे राहणारे कोणीच नव्हते. मूळ रहिवासी नाहीत, गाव नाही, हवामान केंद्र नाही. त्याआधी पहिल्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षात, १८८२-८३ मध्ये, स्वीडनच्या एका तुकडीने इसफ्योर्डच्या काठावर काप थोर्डसेन इथे मुक्काम ठोकून नियमित निरीक्षणे केली होती, पण तो एका हिवाळ्यापुरता प्रयत्न होता. १८९९-१९०० मध्ये पृथ्वीचा आकार मोजायला आलेल्या स्वीडिश-रशियन मोहिमेने इथे हिवाळा काढला. बाकीचे राहणारे म्हणजे अस्वले आणि कोल्हे मारायला आलेले नॉर्वेजियन शिकारी. लाकडी झोपडीत चार-चार महिन्यांचा अंधार काढणाऱ्या या लोकांपैकी काहींनी तापमापकावरचे आकडे रोज वहीत उतरवून ठेवले, हे मला आजही विलक्षण वाटते. त्या वह्या टिकल्या म्हणूनच या आलेखाचे पहिले टोक हाती लागते.

१९०६ मध्ये जॉन मनरो लाँगइयर या अमेरिकन उद्योजकाने कोळशासाठी गाव वसवले. १९११ मध्ये इसफ्योर्डच्या तोंडाजवळ ग्रीन हार्बर इथे बिनतारी संदेश केंद्र उभे राहिले आणि त्याच्याबरोबर पहिले कायमचे हवामान केंद्रही. पुढे निरीक्षणे लाँगइयरब्येनला आली, खाडीच्या तोंडाशी इसफ्योर्ड रेडिओचे केंद्र उघडले, आणि १९७५ पासून विमानतळावरचे केंद्र सुरू झाले.

खरी अडचण इथेच आहे. खाडीच्या तोंडाशी समुद्राचा प्रभाव असतो, त्यामुळे तिथला हिवाळा सौम्य आणि उन्हाळा थंड. आत दरीत थंड हवा साचून राहते, म्हणून हिवाळा जास्त कडक. केंद्र नुसते वीस-तीस किलोमीटर सरकले तरी वार्षिक सरासरी बदलते, आणि हवामान मुळीच बदललेले नसताना आलेखात चढ किंवा उतार दिसू लागतो. नॉर्वेजियन हवामान संस्थेतले ओयविन नूर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर चिकाटीचा उपाय केला. शिकारी आणि मोहिमा जिथे राहिल्या होत्या त्यांतल्या काही ठिकाणी, उदाहरणार्थ आक्सेलओया बेटावर, त्यांनी आजची स्वयंचलित यंत्रे बसवली. त्या जागी आणि विमानतळावर एकाच वेळी किती तापमान असते याची तुलना केली, आणि त्या फरकाच्या आधारे शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदी विमानतळाच्या मापात आणल्या. जुन्या तुकड्यांची गोधडी शिवावी तसे हे काम आहे, आणि प्रत्येक टाका कुठे घातला ते त्यांनी जाहीर केले आहे. या सगळ्या कथेत मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच.

आता आलेख काय सांगतो ते बघू. सुरुवातीची वीस वर्षे गोठवणारी आहेत. मार्च १९१७ मध्ये ग्रीन हार्बरला उणे ४९.४ अंशांची नोंद झाली. मग १९२० च्या सुमारास अगदी अचानक हिवाळे सौम्य झाले. ते त्या वेळच्या लोकांच्याही लक्षात आले होते. नोव्हेंबर १९२२ मध्ये अमेरिकेच्या एका हवामानविषयक मासिकात नॉर्वेतल्या बर्गन शहरातल्या अमेरिकन वाणिज्यदूताचा अहवाल छापून आला. भूगर्भशास्त्रज्ञ आडोल्फ हूल यांच्या मोहिमेला ८१ अंश २९ मिनिटांपर्यंत बर्फमुक्त पाणी मिळाले, असे त्यात म्हटले होते. १९३० मध्ये नॉर्वेजियन हवामानशास्त्रज्ञ बिर्केलान यांनी या तापमानवाढीवर स्वतंत्र निबंधच लिहिला.

‘तेव्हाही आर्क्टिक तापले होते, मग आता ओरड कशाला?’ हा प्रश्न विचारणारे हाच १९२२ चा अहवाल पुढे करतात. अहवाल खरा आहे आणि ती वाढही खरी आहे, ती नाकारण्यात काही अर्थ नाही. पण ती वाढ मुख्यतः उत्तर अटलांटिक आणि आर्क्टिकच्या भागात एकवटलेली होती. वाऱ्यांची दिशा आणि समुद्रातून येणारी उष्णता यांच्या नैसर्गिक चढउताराचा तिच्यात मोठा वाटा होता, आणि पुढे ती ओसरली. १९६० च्या दशकात स्वालबार्ड पुन्हा थंड झाले. आजची वाढ जगभर एकाच वेळी चालू आहे आणि तिची उंचीही वेगळी आहे. २०१६ मध्ये विमानतळावरची वार्षिक सरासरी शून्याला जवळजवळ टेकली. १९२० किंवा १९३० च्या दशकातले एकही वर्ष तिथवर पोहोचलेले नाही.

मधल्या युद्धकाळात नोंदींना खिंडार पडले. १९४१ मध्ये दोस्त राष्ट्रांनी वस्ती हलवली आणि १९४३ मध्ये जर्मन युद्धनौकांनी लाँगइयरब्येनवर तोफा डागल्या. हवामानाची माहिती तेव्हा शस्त्राइतकी महत्त्वाची होती. जर्मनांनी इथे गुप्त हवामान केंद्रे थाटली, आणि त्यांतल्या शेवटच्या केंद्रावरची अकरा माणसे सप्टेंबर १९४५ मध्ये शरण आली, युरोपातले युद्ध संपून चार महिने झाल्यावर.

आकडे वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नोव्हेंबर २०१० पासून सलग शंभराहून अधिक महिने ‘सरासरीपेक्षा उष्ण’ गेले, अशी बातमी आली होती. ती सरासरी १९६१ ते १९९० या काळाची होती, वर्षाला उणे ६.७ अंश, आणि त्या तीस वर्षांत वर सांगितलेला थंड टप्पाही येतो. म्हणून नुसती सरासरीपासूनची तफावत पाहू नये, १८९८ पासूनची पूर्ण रेषा पाहावी. ती पाहिली तरी निष्कर्ष बदलत नाही, उलट पक्का होतो.

वार्षिक आकड्यामागे लपते ती ऋतूंची विषमता. उन्हाळाही तापला आहे, २५ जुलै २०२० ला विमानतळावर २१.७ अंशांचा विक्रम झाला. पण मोठी उडी हिवाळ्याची आहे, १९९१ नंतर दशकाला ३ अंशांहून अधिक. कारण समुद्रावरचा बर्फ. बर्फाचे झाकण असले की खालच्या पाण्याची ऊब वर येत नाही आणि हवा समुद्रापासून दूरच्या जमिनीवरच्यासारखी थंड पडते. पश्चिम किनाऱ्याला लागून अटलांटिकचे कोमट पाणी उत्तरेला वाहते. ते अधिक उबदार झाले, आणि २००६ च्या आसपासपासून इसफ्योर्डचा मोठा भाग बहुतेक हिवाळ्यांत गोठेनासा झाला. उघडे पाणी मग हवेला शेकत राहते.

हिवाळ्यात पाऊस पडू लागला की तो जमिनीवर बर्फाचा थर होऊन बसतो आणि रेनडियरना खालचे शेवाळ-गवत खाता येत नाही. २०१२ च्या अशा पावसानंतर बरेच प्राणी उपाशी मेले. डिसेंबर २०१५ मध्ये लाँगइयरब्येनच्या घरांवर हिमकडा कोसळला आणि दोन माणसे गेली. ऑक्टोबर २०१६ मध्ये जागतिक बियाणे कोठाराच्या प्रवेशबोगद्यात पाणी शिरले, बियाणे मात्र सुरक्षित राहिले. कायम गोठलेल्या जमिनीच्या भरवशावर डोंगरात खोदलेले ते कोठार २००८ मध्ये सुरू झाले होते.

या बेटांशी आपला संबंध जुना आहे. स्वालबार्डचा करार ९ फेब्रुवारी १९२० ला पॅरिसमध्ये झाला, तेव्हा ब्रिटनमार्फत हिंदुस्थानही त्यात होता. १ जुलै २००८ ला न्यू-ओलेसुन इथे ‘हिमाद्री’ हे भारताचे केंद्र सुरू झाले. त्याचे काम गोव्यातून, वास्को-द-गामा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालते. २०१४ मध्ये तिथल्याच कोंग्सफ्योर्डच्या पाण्यात ‘इंडआर्क’ ही वेधशाळा सोडण्यात आली, अटलांटिकचे कोमट पाणी खाडीत किती शिरते ते मोजायला. भारतीय तुकड्या पूर्वी प्रामुख्याने उन्हाळ्यातच जात. सर्वांत मोठा बदल ज्या ऋतूत होतो आहे, त्या हिवाळ्यासाठीची पहिली भारतीय मोहीम डिसेंबर २०२३ मध्ये, ध्रुवीय रात्रीच्या ऐन काळोखात, निघाली.