सरासरी सोडा, वावरांची रांग लावा

आमच्या यवतमाळकडं कापूस घरात आला की पारावर एकच हिशेब सुरू होतो, कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं बोंडअळीचे नर पतंग ओढून पकडणारे सापळे, लावले त्याले जास्त झालं का नाही लावले त्याले. 2017 ला गुलाबी बोंडअळीनं पराटीची काय गत केली ते कोणी विसरलं नाही, त्यामुळं हा प्रश्न इथं लय जिवाचा आहे. पण हिशेब करताना सगळे सरासरी काढतात आणि तिथंच फसतात.

समजा सापळ्यांच्या पाच वावरात एकरी 6.5, 7, 8, 8.5 आणि 9 क्विंटल झालं. बिनसापळ्याच्या पाचात 4, 5, 5.5, 6 आणि एका वावरात थेट 20, कारण तिथं नदीकाठची भारी काळी जमीन आणि वर ड्रिप. सरासरी काढली तर सापळेवाले 7.8, बिनसापळ्याचे 8.1. मग एखादा काका म्हणणारच, "मंग सापळे कायले लावले रे भाऊ?"

आता दहा चिठ्ठ्यांवर हे आकडे लिहा, ओट्यावर कमीपासून जास्तीपर्यंत ओळीनं मांडा आणि फक्त नंबर द्या. ते 20 वालं वावर दहावं, ते 9.5 असतं तरी दहावंच आणि 50 असतं तरी दहावंच, म्हणजे त्याची दादागिरी संपली. सापळ्यांचे नंबर 5, 6, 7, 8, 9, बेरीज 35. बाकीच्यांची 20. किंवा असं बघा, सापळ्याचं प्रत्येक वावर बिनसापळ्याच्या प्रत्येक वावराशी झुंजवलं तर 25 झुंजी होतात आणि सापळेवाले 20 जिंकतात.

नंबर लावायची ही युक्ती फ्रँक विल्कॉक्सन या केमिस्टनं 1945 मधे मांडली, त्याच्या उदाहरणात माश्या मारायच्या दोन फवाऱ्यांची तुलना होती. 1947 मधे मॅन आणि व्हिटनीनं दोन गटांची संख्या कमीजास्त असली तरी चालेल अशी सोय केली. आकडे घंटेच्या आकारात पसरलेत असं इथं धरावं लागत नाही, म्हणून हिला नॉनपॅरामेट्रिक टेस्ट म्हणतात. तीन-चार गट असले तर क्रुस्कल-वॉलिस, 1952 ची.

मग सापळे जिंकले का? थांबा. दहा चिठ्ठ्यातून पाच उचलायचे 252 प्रकार आहेत, आणि सापळ्यांचा काहीच उपयोग नसता तरी त्यातल्या 38 प्रकारात एवढा किंवा याहून मोठा फरक, या बाजूनं नाहीतर त्या बाजूनं, नुसत्या नशिबानं पडतो. म्हणजे शंभरात 15 वेळा, आणि रिवाज असा की शंभरात 5 च्या खाली आलं तरच फरक पक्का धरायचा. म्हणजे पाच-पाच वावरं पुरली नाहीत, जास्त घ्या. मला ही टेस्ट आवडते ती यासाठीच, थोड्या माहितीवर ती उगाच छाती ठोकत नाही.

पण एक गोष्ट ती सुधरवू शकत नाही. बांधाला बांध लागून वावरं घेतली तर एकाकडचा पतंग दुसऱ्याकडं उडत जाणारच, मग वेगळी वावरं म्हणून मोजायची कशी, म्हणून मधे अंतर पाहिजे. आणि सापळे कुठं लावायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, कारण जो कास्तकार स्वतःहून सापळे लावतो तो बहुतेक निंदणही वेळेवर करतो, फवारणीही वेळेवर करतो, मग वाढलेला कापूस सापळ्याचा का त्याच्या मेहनतीचा हे कोणतीच टेस्ट सांगणार नाही.