मत्स्यपेटीतील रोग, निदान व उपचार (सोलापूर परिसर)

मत्स्यपेटीतील रोग : उष्ण कटिबंधातील, गोड्या पाण्यात राहणारे शोभेचे मासे काचेच्या पेटीत पाळताना त्यांना होणारे विकार, ते ओळखण्याच्या रीती आणि त्यांवरील उपाय. गप्पी, मॉली, एंजल, गुरामी, फायटर, ऑस्कर व फ्लॉवरहॉर्न हे मासे सोलापुरात अधिक आढळतात. गोल्डफिश मूळचा समशीतोष्ण प्रदेशातला असला, तरी तो याच पेट्यांत पाळला जातो आणि उन्हाळ्यात त्याचेच हाल सर्वांत जास्त होतात. पेटीची रचना, मासे निवडणे, खाद्य इ. बाबी येथे विचारात घेतलेल्या नाहीत.

पाणी व हवामान : सोलापुरात आजारी माशाची चौकशी पाण्यापासून सुरू करावी. शहराला उजनी जलाशय, भीमेवरील टाकळी आणि एकरुख (हिप्परगा) तलाव येथून पाणी मिळते. मात्र नळाला ते रोज येत नाही. त्यामुळे पाण्याच्या पाळीला पेटी निम्म्याहून अधिक उपसायची, त्याच वेळी फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुवायचा आणि ताज्या पाण्याने पेटी भरायची, अशी सवय अनेक घरांत पडली आहे. ताज्या पाण्यातील क्लोरीन माशाचे कल्ले भाजते आणि स्पंजात वस्तीला असलेले, माशांच्या उत्सर्जनातून साचणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट व नायट्रेट करणारे जिवाणूही मारते. पहिल्या दिवशी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. चौथ्या-पाचव्या दिवशी अंग चोळू लागतात किंवा पर मिटून कोपऱ्यात बसतात. मालकाला वाटते, रोग आजच आला. त्याचे मूळ पाळीच्या दिवशी पडलेले असते. पाणी पिंपात साठवून त्यात हवेचा दगड चोवीस तास सोडला किंवा हायपोचे (सोडियम थायोसल्फेटाचे) खडे विरघळवले, तर क्लोरीनचा त्रास टळतो. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

मधल्या दिवसांत बोअरचे पाणी वापरले जाते. दख्खनच्या बेसाल्ट खडकातून येणारे हे पाणी बहुधा जड व क्षारयुक्त असून त्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचा अंक) ८ च्या आसपास किंवा वर असू शकतो. येथे एक हिशेब समजून घेणे अगत्याचे आहे. पाण्यातील एकूण अमोनियापैकी माशाला विषारी असतो तो विद्युत्भाररहित भाग. २५° से. तापमान व ७ पीएच असताना हा भाग जेमतेम अर्धा टक्का असतो, त्याच तापमानात पीएच ८ झाला की तो ५ टक्क्यांवर जातो, ३२° से. ला ८ टक्क्यांच्या पुढे, आणि पीएच ८.५ झाल्यास २२ टक्क्यांच्या घरात. म्हणजे चाचणीत दिसणारा अमोनियाचा जो आकडा पुण्या-मुंबईच्या मऊ पाण्यात खपून जातो, तोच मे महिन्यात सोलापुरातील बोअरच्या पाण्यात मासे मारू शकतो. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा ४०° से. च्या वर राहतो आणि बिनपंख्याच्या खोलीत पेटीचे पाणी ३२° से. ओलांडते. अशा पाण्यात प्राणवायूही कमी मावतो : समुद्रसपाटीला २५° से. ला लिटरमागे सु. ८.३ मि.ग्रॅ., तर ३५° से. ला सु. ७ मि.ग्रॅ. सोलापूर सु. ४६० मी. उंचीवर असल्याने प्रत्यक्षातला आकडा त्याहून थोडा खाली. वीज गेल्यावर पंप बंद पडतो आणि पहाटे, प्राणवायू नीचांकाला असताना, मासे मरतात. अशा मृत्यूंना ‘रोग’ म्हणू नये आणि त्यावर औषध घालू नये. बॅटरीवरचा पंप हाच त्यावरचा उपाय होय.

पांढरे ठिपके : दुकानांत ‘व्हाइट स्पॉट’ वा ‘इक’ म्हणून ओळखला जाणारा हा रोग *इक्थिऑफ्थिरिअस मल्टिफिलिस* या रोमक आदिजीवामुळे (अंगावर बारीक रोम असलेल्या एकपेशीय जीवामुळे) होतो. हे नाव फूके या फ्रेंच अभ्यासकाने १८७६ मध्ये दिले. ग्रीक भाषेत ‘इक्थिस’ म्हणजे मासा व ‘फ्थेइर’ म्हणजे ऊ. ‘मल्टिफिलिस’ म्हणजे पुष्कळ लेकरांची. त्याआधी १८६९ मध्ये जर्मनीत हिल्गेनडोर्फ व पाउलिकी यांनी माशांच्या कातडीवरील अशाच रोमक जीवांची नोंद केली होती आणि काहीजण शोधाचा पहिला मान त्यांना देतात. त्याहून बरीच जुनी नोंद चीनमधील आहे. सोंग काळातील, सु शी या कवीच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका टिपणसंग्रहात, मासा रोडावून त्याच्या अंगावर पांढरे ठिपके आले की त्यास ‘ऊ’ म्हणतात व त्यावर एका झाडाचा पाला (एका पाठभेदानुसार साल) पाण्यात टाकतात, असे म्हटले आहे. हा संग्रह सु शीचाच, याविषयी एकमत नाही. शिवाय ‘पांढरे ठिपके’ हे वर्णन इतर परजीवींनाही लागू पडते, म्हणून त्यावरून अकराव्या शतकात हाच आदिजीव ओळखला गेला होता असे ठामपणे म्हणता येत नाही. तरीही दोन दूरच्या भाषांनी अशा ठिपक्यांच्या रोगाला ‘ऊ’ म्हणावे, हे लक्षणीय आहे.

रोगाच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार हा मूळचा आशियातील कार्प माशांवरचा परजीवी असून माशांच्या देवघेवीबरोबर जगभर पसरला. दुसऱ्या मतानुसार तो गोड्या पाण्यात सर्वत्र होताच. बंदिस्त पेट्या व दाट तळी आल्यावर डोळ्यांत भरला, इतकेच. पहिले मत अधिक संभाव्य वाटते. मात्र कार्प युरोपात १८६९ च्या कितीतरी शतके आधीपासून पाळला जात होता, ही बाब त्या मतात नीट बसवावी लागते.

उपचार कळण्यासाठी जीवनचक्र माहीत हवे. दिसणारा ठिपका म्हणजे कातडीखाली पोसला जाणारा जीव. तो १ मि.मी. पर्यंत वाढतो. तेथे त्याला औषध पोहोचत नाही. पूर्ण वाढला की तो गळून तळाला चिकटतो, आवरण घेतो आणि शेकडो पिलांत विभागतो. ही पिले मोकळी पोहत असतानाच मारता येतात. दोनेक दिवसांत मासा न मिळाल्यास ती आपोआपच मरतात. २५° से. ला हे चक्र साधारण तीन ते सहा दिवसांत पुरे होते, तर १०° से. ला महिन्याहून अधिक लागतो. म्हणून ठिपके गेल्यावर औषध थांबवणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. उपचार किमान दहा दिवस चालवावा. सूक्ष्मदर्शकाखाली या जीवाचे नालाच्या आकाराचे मोठे केंद्रक दिसले की निदान पक्के होते. सोन्याची भुकटी शिंपडल्यासारखी बारीक चमक बॅटरीच्या तिरक्या उजेडात दिसल्यास तो वेगळा, ‘व्हेल्व्हेट’ नावाचा रोग असतो.

पाणी ३०° से. किंवा थोडे वर नेऊन ठेवणे हा या रोगावरचा एक मान्य उपाय आहे, परंतु उष्णता सोसणारे वाणही आढळले आहेत. सोलापुरात उन्हाळाभर पाणी तेवढे तापलेलेच असते. त्यामुळे येथे या रोगाची शंका प्रामुख्याने डिसेंबर-जानेवारीत, हीटर नसलेल्या पेटीचे पाणी रात्रीत उतरते तेव्हा, आणि नवे मासे आणल्यावरच्या आठवड्यात घ्यावी.

रंग व औषध : मत्स्यपेटीची दोन प्रमुख औषधे मूळची कापडाचे रंग आहेत, आणि चादरी-टॉवेलांच्या या गावात ही गोष्ट निव्वळ माहितीपुरती राहत नाही. मिथिलीन ब्ल्यू हाइन्रिख कारो यांनी १८७६ मध्ये तयार केला, म्हणजे फूके यांनी परजीवीला नाव दिले त्याच वर्षी. मॅलाकाइट ग्रीनचे श्रेय सामान्यतः ऑटो फिशर यांना (१८७७) दिले जाते. डोबनर यांनी तोच रंग वेगळ्या मार्गाने त्याच सुमारास मिळवला. माशांवर, बुरशीनाशक म्हणून, त्याचा वापर १९३६ पासून नोंदलेला आहे. १९७२ मध्ये लेट्यू व मायर यांनी फॉर्मॅलिनबरोबरचे त्याचे मिश्रण सुचवले. आजची बहुतेक तयार औषधे त्याच धर्तीची आहेत. कापडरंगाच्या दुकानात ‘तोच हिरवा रंग’ स्वस्त मिळत असला, तरी तो पेटीत कधीही घालू नये. कापडासाठीचा मॅलाकाइट ग्रीन पुष्कळदा जस्ताच्या क्षाराबरोबर बांधलेला असतो आणि जस्त माशांना मारक आहे. औषधाला या रंगाचा जस्तविरहित ऑक्झलेट क्षार लागतो. त्याची मात्रा लिटरला ०.१ मि.ग्रॅ. किंवा कमी, टेट्रा व बिनखवल्यांच्या माशांना निम्मी. हा रंग हातमोज्यांशिवाय हाताळू नये. खाण्याच्या माशांसाठी त्याचा वापर भारतासह अनेक देशांत निषिद्ध आहे. मिथिलीन ब्ल्यू (लिटरला १ ते ३ मि.ग्रॅ.) फिल्टरमधील जिवाणूंना घातक असल्याने वेगळ्या पेटीतच वापरावा.

मात्रा काढताना दुकानातील ‘फुटां’चा हिशेब फसवतो. लांबी, रुंदी व पाण्याची उंची से.मी. मध्ये गुणून हजाराने भागले की लिटर मिळतात. ६०×३०×३८ ची ‘दोन फुटी’ काठोकाठ ६८ लि., पण वाळू, दगडगोटे व रिकामी वरची पट्टी वजा जाता ६० च्याही खाली भरते. खडेमीठ लिटरला १ ते ३ ग्रॅ. हा सर्वांत निर्धोक पहिला उपाय. नायट्राइटची बाधा झाल्यास मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. आयोडीनयुक्त मिठाने मासे मरतात ही समजूत निराधार आहे.

कापूसमुख : तोंडावर किंवा पाठीवर खोगिरासारखा करडा-पांढरा पट्टा. बुरशी समजून यावर हमखास चुकीचे औषध दिले जाते. प्रत्यक्षात हा जिवाणूजन्य रोग असून डेव्हिस यांनी तो १९२२ मध्ये अमेरिकेत वर्णिला. त्या जिवाणूचे नाव बॅसिलस, काँड्रोकॉकस, सायटोफागा, फ्लेक्सिबॅक्टर असे बदलत १९९६ मध्ये *फ्लॅव्होबॅक्टेरिअम कॉलम्नेअर* येथे स्थिरावले. २०२२ मध्ये त्याचेही चार जातींत विभाजन झाले. हा रोग उष्णतेत बळावतो आणि ३०° से. च्या पाण्यात मासा एक-दोन दिवसांत दगावू शकतो. ठिपक्यांवरचा उष्णतेचा उपाय येथे उलटतो. त्यामुळे या दोन रोगांतील फरक ओळखणे ही निदानातील सर्वांत मोलाची पायरी म्हणावी लागेल. सोलापूरच्या उन्हाळ्यात पांढरा डाग दिसल्यास प्रथम याचाच विचार करावा व पाणी हळूहळू थंड करावे. ऑक्सिटेट्रासायक्लीन जड पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधले जाऊन निष्प्रभ होते. म्हणून बोअरच्या पाण्यात ते घालणे व्यर्थ, खाद्यातून दिल्यास उपयोग संभवतो. मेडिकलमधून आणलेल्या माणसांच्या कॅप्सूल फोडून पेटीत टाकण्याने केवळ औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढतात.

इतर विकार : खवले अननसासारखे उभे राहून पोट फुगणे (जलोदर) हा स्वतंत्र रोग नसून मूत्रपिंड निकामी झाल्याचे लक्षण होय, येथवर आलेला मासा क्वचितच वाचतो. ऑस्कर व फ्लॉवरहॉर्न यांच्या डोक्यात पडणाऱ्या भोकांचे कारण विवाद्य आहे. पूर्वी *हेक्झामिटा*, अलीकडे *स्पायरोन्यूक्लिअस* या कशाभिकी (चाबकासारख्या धाग्यांनी पोहणाऱ्या) आदिजीवास दोष दिला जातो. आहारातील उणीव व साचलेले नायट्रेट हेही कारण सांगितले जाते. पाणी सुधारल्यावर अनेक मासे औषधाशिवाय सावरतात, हे दुसऱ्या मताला पोषक आहे. गुदद्वारातून लोंबणारे लाल धागे म्हणजे कमॅलॅनस कृमी, त्यावर लेव्हामिसोल हे कृमिनाशक. मत्स्यक्षय (*मायकोबॅक्टेरिअम मरायनम*, ॲरॉनसन, १९२६) माणसाच्या हातावरील जखमेतून शिरू शकतो व न भरणारी गाठ उठवतो, हाताला चीर असताना पेटीत हात घालू नये आणि डॉक्टरांना मासे पाळत असल्याचे आवर्जून सांगावे.

आजारी वा नकोसे मासे सिद्धेश्वर किंवा कंबर तलावात सोडू नयेत. पेटीतला ‘सकर’ (काचेवरचे शेवाळ खाणारा मासा) उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊ लागला आहे.

तपासणी : मत्स्यविज्ञानाचे शिक्षण देणारे जवळचे महाविद्यालय उदगीरला आहे, शहरात निदानाचा भार मुख्यतः दुकानदारांवर पडतो. नमुना दाखवायचा झाल्यास आजारी पण जिवंत मासा त्याच पेटीच्या पाण्यात, हवा भरलेल्या पिशवीतून न्यावा व पाण्याची बाटली वेगळी द्यावी. मेलेला मासा बर्फाच्या पेटीत ठेवावा, गोठवू नये. गोठल्यावर ऊतके फाटतात. बाह्य परजीवी मासा मेल्यावर थोड्याच वेळात त्याचे अंग सोडतात, म्हणून सकाळी मेलेला मासा संध्याकाळी तपासून ‘काही नाही’ असे आल्यास ते निदान धरू नये.