पाणी शुद्ध करणारं ओझोन युनिट घेतलेल्यांसाठी: टीडीएस पेन खिशातच राहू द्या

आठवड्याला दोन-तीन फोन ठरलेले. "साहेब, ओझोन बसवून महिना झाला, टीडीएस जिथल्या तिथे. मशीन चालतंय ना?" माणूस पाठवला की मशीन व्यवस्थित. ग्राहक पेन बुडवून दाखवतात: आधी ६४०, नंतरही ६४०. त्यात अर्धा दिवस तुमचाही जातो, आमचाही.

हे पेन पाण्यातून वीज किती वाहते ते बघून विरघळलेल्या क्षारांचा, म्हणजे टीडीएसचा, अंदाज देतं. क्षारांना ओझोन हात लावत नाही. नायट्रेट, फ्लोराइड, जडपणा यांना आरओ लागतो, आणि तसं आम्ही विकतानाच सांगतो. ओझोनचं गिऱ्हाईक वेगळं: वास, रंग आणि शेतातून बोअरला झिरपलेले औषधांचे अंश. बाटलीबंद पाण्याच्या आयएस १४५४३ मानकात एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला ०.०००१ मिलिग्रॅम आहे. पेनावर सगळ्यात लहान आकडा १, म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम, मर्यादेच्या दहा हजार पट. ते तिथे दिसणार कसं?

खात्री हवी तर लॅबकडूनच काचेच्या बाटल्या मागवा. एक नमुना ओझोनच्या आधीचा, एक त्यापुढच्या कार्बन फिल्टरनंतरचा, दोन्ही एकाच दिवशी. बाटल्या कशा भरायच्या ते आमचा माणूस दाखवेल, त्याचे पैसे नाहीत.

"मग कार्बन कशाला गळ्यात मारता?" हेही ऐकतो. ओझोन रेणू तोडतो, पण तुकडे पाण्यातच उरतात. शिवाय उसा-मक्यातलं ॲट्राझीन ओझोनला लवकर दाद देत नाही. ते आणि हे तुकडे कार्बन धरतो, उरलेला ओझोनही तिथेच संपतो. म्हणून कार्बनशिवाय आम्ही युनिट बसवत नाही, ऑर्डर गेली तरी चालेल.

ओझोनचा नॉब स्वतः वाढवू नका. पाण्यात ब्रोमाइड असेल (किनाऱ्याजवळच्या बोअरला असतंच) तर जादा ओझोनने ब्रोमेट हा घातक पदार्थ तयार होतो, आणि त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम इतकी कडक आहे. खोलीत ओझोनचा उग्र वास आला तर आधी मशीन बंद, खिडक्या उघड्या, मग फोन.

युनिट खरंच कमजोर पडतं ते बहुधा पावसाळ्यात, हवेतल्या ओलीमुळे. ओल्या हवेत ओझोन कमी बनतो, वर नायट्रिक ॲसिड होऊन आतले भाग खराब होतात. बाजूच्या पारदर्शक नळीतले हवा कोरडी करणारे निळे दाणे गुलाबी झाले की बदला. वार्षिक करार असलेल्यांना ते आम्ही जूनच्या आधीच बदलून देतो.