अबरी, मार्बल आणि सोलकढीतली गुलाबी रेघ

गणपतीच्या आदल्या आठवड्यात आमच्या खळ्यात पाण्याने भरलेलं एक घमेलं मांडलेलं असतं. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, मखर कागदाचं करायचं ठरलं, तेव्हापासूनची ही रीत. ऑइलपेंटमध्ये टर्पेंटाइन घालून तो पातळ करायचा, पाण्यावर चार थेंब सोडायचे, खराट्याच्या हिराने ते हलकेच ओढायचे आणि ड्रॉइंगचा कागद वर टेकवून अलगद उचलायचा. पहिल्या वर्षी रंग घट्ट राहिला, गोळे सरळ तळाशी गेले आणि मखराला शेवटी आईच्या साड्या लागल्या.

याला आपण मार्बलिंग म्हणतो, म्हणजे संगमरवराची नक्कल. पण संगमरवर या गोष्टीत बराच उशिरा आला. जपानमध्ये बाराव्या शतकातच पाण्यावर शाई तरंगवून कागद रंगवत; नाव सुमिनागाशी, म्हणजे तरंगती शाई. इराणात त्याला ढग दिसले. 'अब्र' म्हणजे ढग, म्हणून कागद अबरी. तिथे नुसतं पाणी चालत नसे. डिंक किंवा भिजवलेल्या मेथीचा बुळबुळीत चीक घालून ते दाट करत, म्हणजे रंग पसरला तरी एकमेकांत मिसळत नसे. तुर्कस्तानातून ही कला सतराव्या शतकाच्या सुमारास युरोपात गेली आणि तिथल्या लोकांना त्यात दगड दिसला.

आपल्याजवळचं टोक विजापूरचं. सतराव्या शतकात आदिलशाहीतले चित्रकार कागदाचा हवा तो भाग डिंकाने झाकून बाकीच्यावर अबरी उठवत, मग झाकलेल्या भागावर वेगळा रंग किंवा वेगळी अबरी. बरगड्या मोजता येतील असा रोडका घोडा आणि त्यावरचा स्वार, हे त्यातलं गाजलेलं चित्र. त्याच आदिलशाहीचं समुद्राकडचं मोठं दार म्हणजे वाशिष्ठीच्या मुखावरचं दाभोळ. इराणी आखाताशी त्याचा व्यापार चाले.

युरोपात हा कागद पुस्तकांच्या पुठ्ठ्याआड गेला आणि हिशेबाच्या वह्यांच्या कडांवरही. कडेवरची नक्षी सलग असते; मधलं पान कोणी फाडलं की ती तुटते. १७७५ साली अमेरिकेत वीस डॉलरच्या नोटेला अशीच रंगीत कड होती. कागद पुरवला होता बेंजामिन फ्रँकलिनने. सजावटीपेक्षा मला हा उपयोग जास्त आवडतो.

खऱ्या दगडातल्या रेघा म्हणजे मूळ चुनखडीतली माती, लोह वगैरे भेसळ. कोकणात तो दगड नाही, आपला जांभा. आता नव्या घरांत मार्बल छापाच्या टाइल्स येतात. बारकाईने पाहिलं तर पाच-सहा टाइल्सनंतर तीच शीर पुन्हा दिसते.

खाण्यात हा शब्द मांसाला लावतात: स्नायूंच्या धाग्यांमध्ये पसरलेली बारीक चरबी. जपानी लोक तिला 'पडलेलं हिम' म्हणतात. आपल्या बोकडाच्या मटणात ती फारशी नसते, चरबी वेगळी गोळा होते. मार्बल केक एकोणिसाव्या शतकातला, जर्मनीचा. आमच्या घरी तो ओव्हन येण्याआधी कुकरच्या तळाशी किनाऱ्यावरची वाळू घालून व्हायचा. पांढऱ्या मिश्रणावर कोकोचं मिश्रण ओतून सुरी दोनदाच फिरवायची. तिसऱ्यांदा फिरवली की सगळंच तपकिरी.

आजी हा नियम सोलकढीला लावत नसे. नारळाच्या दुधात आगळ, म्हणजे कोकमाचा दाट रस, ओतलं की घटकाभर पातेल्यात गुलाबी रेघा वळत राहतात, कागदावर उतरवून घ्याव्यात अशा. मी वाकून बघत बसलो की ती डाव पुढे करायची, "ढवळ लवकर, पानं वाढली हत."